सात नंबरच्या टाकीची वाइन

“मग ही कशाबरोबर प्यायची, मास्तर? एवढंच सांगा.”

विश्वजितने तिसऱ्यांदा विचारलं.

मास्तर ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

बाटली त्यांच्या समोर होती. शेजारी काचेचे दोन पेले. ते विश्वजितनेच टॉवेलात गुंडाळून आणले होते. मास्तरांच्या घरी आता असले पेले नसतात, हे त्याला ठाऊक होतं.

गोविंद कडलग मुळात शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. दिंडोरीच्या बाजूला, त्यांच्या गावाजवळ वाइनचा कारखाना निघाला, तेव्हा मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. बावीस वर्षं तिथली लाल वाइन त्यांनी केली आणि त्यांनीच चाखली. कारखान्यातही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका दिवसात ते काम सोडून घरी बसले. त्यानंतर त्यांनी वाइनला तोंड लावलं नव्हतं.

विश्वजित निकुंभ त्यांचा शिष्य. इटलीत दोन वर्षं शिकून आलेला. आल्या दिवशीच त्याने मास्तरांना ऐकवलं होतं, की इथल्या लाल वाइनला अजून स्वतःची अशी चव नाही. मास्तर एवढंच म्हणाले होते, “मग शोध.” चार वर्षं तो त्यांच्या हाताखाली राहिला. आता त्यांच्या खुर्चीवर तो बसत होता.

“मुंबईला मोठं जेवण आहे,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांनी. बाहेरचे परीक्षक येणार. पदार्थ सगळे आपल्याकडचे आणि वाइन एकच. ही. मालक म्हणाले, पदार्थांची यादी मास्तरांच्या नजरेखालून घालून आण.”

“केलीस यादी?”

“केली.”

“वाच.”

विश्वजितने खिशातून छापलेला कागद काढला. आवाज थोडा मोठा केला.

“नाकाला आधी जांभूळ. पिकून सुरकुतलेलं. मग करवंद. मागून काळी मिरी, लवंग. पेल्यात थोडा वेळ राहिली, की शेणाने सारवलेल्या अंगणावर ऊन पडल्यासारखा एक वास. जिभेवर मऊ. तुरटपणा आहे, पण टोचत नाही. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ राहते.”

“पुढे.”

“मटणाचा काळा रस्सा. भरली वांगी. खोबऱ्यातलं सुकं मटण. तव्यावरचा बांगडा…”

“रस्सा कितपत तिखट?”

“आपल्याकडे असतो तितका.”

“नको. तिखटावर ही दिलीस तर तोंड पेटेल आणि वाइन नुसती तुरट लागेल. मसाला काळाच ठेव, मिरची काढ. चरबी राहू दे. चरबीने हिचा तुरटपणा मवाळ होतो.”

विश्वजितने पेनने खूण केली.

“वांगं भरू नको, भाज. भरल्या वांग्यात गूळ येतो. गुळावर ही कडू लागते. धूर चालतो हिला.”

“आणि बांगडा?”

“खोड. तोंडात लोखंड चघळल्यासारखं होईल.”

विश्वजित हसला. मास्तर बदलले नव्हते. वाइनचा थेंब न चाखता त्यांनी निम्मी यादी सुधारली होती.

“सुकं मटण?”

“चालेल. खोबरं चांगलं भाजलेलं हवं.”

“आता एकदा चाखा तरी, मास्तर. असली लाल वाइन आपल्या खोऱ्यात आजवर झाली नाही. मी सांगतो म्हणून नाही. चाखा.”

त्याने एका पेल्यात बोटभर ओतली.

मास्तरांनी शेंगांची परात बाजूला सरकवली. उठून हात धुतले, पंच्याला पुसले. पेला उचलला, हलवला, नाकाशी नेला.

बराच वेळ तसाच धरला.

“टाकी कुठली?”

“दोन वर्षांपूर्वीचा माल. शिराज जातीची द्राक्षं. चौदा महिने लाकडी पिंपात ठेवली, मग…”

“टाकी विचारली.”

“सात.”

मास्तरांनी पेला खाली ठेवला. ओठाला लावला नव्हता.

“तुरटपणा टोचत नाही म्हणालास. का टोचत नाही?”

“पिंपं चांगली होती. फ्रान्सचं लाकूड…”

“लाकडाने नाही. साल फाटली नाही, बी चिरडलं नाही, म्हणून. माल आंबत असताना सालं वर येतात. ती खाली दाबावी लागतात. आठ दिवस, दिवसातून तीनदा. कोणीतरी दांड्याने ती दाबत होता, आणि हात हलका होता त्याचा. कोण?”

विश्वजित कागदाकडे पाहत राहिला.

“लहानू.”

“पूर्ण नाव सांग.”

“लहानू भोये.”

“यादीत आहे ते?”

विश्वजितने कागद घडी घालून खिशात ठेवला.

झालं होतं ते असं. द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड असतो. वाइन काढून घेतली तरी तो टाकीच्या तळाशी, सालांच्या चोथ्यावर साचून राहतो. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मास्तरांनी कारखान्यात एक नियम लावला होता. टाकीचं खालचं दार उघडायचं, रात्रभर आत पंख्याचा झोत सोडायचा, सकाळी काठीला मेणबत्ती बांधून आत धरायची. ती जळत राहिली तरच माणसाने फावडं घेऊन आत शिरायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला दवाखान्यात होते. काम विश्वजित पाहत होता. दुपारी फाटकावर द्राक्षांचे तीन ट्रक उभे होते. ऊन तापलं होतं, क्रेटमधून रस गळायला लागला होता, आणि एकही टाकी रिकामी नव्हती. सात नंबरमधली वाइन सकाळी काढून झाली होती. चोथा तेवढा आत होता.

पंखा अर्धा तास चालला.

मग लहानू आत गेला. चार फावडी चोथा बाहेर आला. पाचवं आलं नाही.

पाय धरून त्याला बाहेर ओढला, तेव्हा तोंडाला सालं लागलेली होती. दवाखान्यापर्यंत पोचला नाही. चौकशीत लिहिलं गेलं, की कामगार कोणाला न विचारता आत शिरला. खाली सही विश्वजितची होती. गावात त्याचं झालं, की लहानू टाकीतली पिऊन तर्र होता.

“मथुरा माहीत आहे ना?” मास्तरांनी विचारलं. “लहानूची बायको.”

“पाहिलंय त्यांना.”

“मी जातो अधूनमधून. दर वेळी ती एकच विचारते. त्या टाकीतल्या मालाचं काय केलं, फेकला का? मी म्हणतो, मला ठाऊक नाही. आज ठाऊक झालं.”

“मास्तर, माल फेकून तो माणूस परत आला असता का?”

“नसता.”

“मग?”

मास्तरांनी बूच उचललं. अंगठ्याने दाबून बाटलीत बसवलं आणि बाटली त्याच्यापुढे सरकवली.

“तिच्या घरी जा. आत्ता निघालास तर जेवायच्या वेळेला पोचशील. जे शिजलं असेल त्याबरोबर हिचा घोट घे. मग मला येऊन सांग, ही कशाबरोबर प्यायची.”

“तिच्या घरी वाइनची बाटली घेऊन जाऊ? तिला काय वाटेल?”

“ते तिला विचार.”

“हे काही शिकवणं नाही झालं, मास्तर. ही शिक्षा झाली.”

मास्तरांनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

“शिक्षा करायला मी कोण?”

मथुरेचा करंजपाडा तिथून सव्वा तासावर. द्राक्षांचे मांडव संपले, मग डांबर संपलं, मग दोन्हीकडे उतरत्या वावरांत नुसती कापलेल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, खुंटं. विश्वजितने वाटेत दोनदा गाडी थांबवली. एकदा फोन आल्यामुळे. एकदा उगीच.

मथुरा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पस्तिशीची असेल. त्याला पाहून ती उठली, पदर नीट केला. ओळख पटायला वेळ लागला नाही.

“साहेब.”

“मास्तरांनी पाठवलं.”

“मास्तरास्नी बरं हाये ना?”

“बरं आहे.”

तिने घोंगडी टाकली. तो बसला. बाटली कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी गुडघ्याशी ठेवली.

“ही काय?”

“तुम्ही विचारत होता ना मास्तरांना… त्या टाकीतल्या मालाचं काय झालं.”

मथुरेने बाटलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“हीच?”

“हो.”

“म्हंजे फेकला न्हाई.”

“नाही.”

“लई झाल्या आशा बाटल्या?”

“चार हजार.”

ती खाली बसली. बाटलीच्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “उघडा.”

त्याने बूच काढलं. तिने बाटली नाकाशी नेली.

“ह्योच वास,” ती म्हणाली. “होळीपासून पाडव्यापर्यंत त्याच्या कपड्यास्नी ह्योच वास यायचा. धुतलं तरी जायचा न्हाई. मी भांडायची. दारू पिऊन आल्यासारखं वाटतं म्हणायची.”

तिने बाटलीच्या तोंडाशी करंगळी भिजवून जिभेला लावली.

“तुरट हाये. हिरड्यावानी. ह्याला लोक काय म्हंत्यात, चव कशी हाये?”

विश्वजितच्या खिशात कागद होता. जांभूळ, करवंद, मिरी, लवंग. तो काढायला त्याचा हात गेलाच नाही.

“चांगली म्हणतात,” तो म्हणाला.

“तो चाखायचा न्हाई. मास्तर सांगायचे, एक थेंब बघ, तुझ्या हातचं हाये. तो म्हणायचा, मला वासावरनं कळतं.” ती थांबली. “आन गाव म्हंतं पिऊन मेला. माझा सासरा बाजारात जायचा बंद झाला, साहेब. दारुड्याचा बाप म्हंत्यात म्हणून. मागल्या साली म्हातारा गेला.”

अंगणात कोंबडी फुलांवर आली. मथुरेने हाताने हाकलली.

“एक विचारू?”

“विचारा.”

“त्याला आत कोणी धाडलं?”

हाच प्रश्न त्याला चौकशीत विचारला होता. तेव्हा मालकांचे वकील शेजारी बसले होते. उत्तर आधी ठरलेलं होतं. इथे शेजारी कोणी नव्हतं.

“मी,” विश्वजित म्हणाला.

मथुरेने मान हलवली. जणू वजन केलेल्या पोत्याचा आकडा कोणी पुन्हा वाचून दाखवला.

“पंखा किती वेळ लावला व्हता?”

“अर्धा तास.”

“मेणबत्ती?”

“नाही.”

“तो बोलला आसंल तुम्हाला. घरी येऊन सांगायचा मला, मेणबत्ती इझली तर जायचं न्हाई. बोलला आसंलच.”

“बोलला.” विश्वजितने बूच मुठीत धरलं. “म्हणाला, साहेब, मेणबत्ती घेऊन येतो. मी म्हणालो, आता वेळ नाही. तो गेला.”

“काही बोलला न्हाई?”

“नाही. पायातल्या चपला काढल्या. दाराशी नीट ठेवल्या. आणि गेला.”

मथुरा जमिनीकडे पाहत होती. रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही.

“मग तो पिऊन आत गेला न्हाई.”

“नाही.”

“लिहून द्या.”

त्याने खिशातला कागद काढला. छापलेली बाजू खाली केली. मांडीवर ठेवून लिहिलं, की लहानू सोमा भोये शुद्धीत होता, त्याने वाइन घेतलेली नव्हती, त्याने मेणबत्ती आणतो म्हटलं होतं, आणि मी त्याला आत पाठवलं. खाली सही केली. तारीख घातली.

मथुरेने तो हातात घेतला. तिला अक्षरं लागत होती. हळूहळू, ओठ हलवत तिने सगळा वाचला. मग उलटा केला. दुसऱ्या बाजूच्याही दोन ओळी वाचल्या.

“जांभूळ,” ती म्हणाली. मग कागदाची घडी करून ती आत गेली.

बाहेर आली ती ताट घेऊन. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, चटणी.

“मला जाणार नाही, मथुराबाई.”

“मास्तरांनी काय काम सांगितलंय तुम्हाला?”

“तुमच्या घरी जे असेल त्याबरोबर…”

“मग करा.”

तिने पितळी पेल्यात स्वतः ओतली. ताटाशेजारी ठेवली. समोर बसून राहिली.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. कोरडाच तोंडात घातला, वर घोट घेतला. नागली तुरट, वाइन तुरट. तोंड टाळूपासून आवळलं गेलं. घास पुढे जाईना. पाण्याचा तांब्या हाताशी होता. त्याने तो उचलला नाही. बऱ्याच वेळाने घास उतरला.

मग त्याने भाकरीला चटणी लावली. दुसरा घोट घेतला.

पेला खाली ठेवून तो ताटाकडे नुसता बघत राहिला.

“संपवा,” मथुरा म्हणाली. “टाकून उठू नका.”

त्याने संपवलं.

तो परतला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मास्तर तिथेच होते. शेंगा झाल्या होत्या. परात धुवून भिंतीला उभी होती.

विश्वजित पायरीवर बसला. बाटलीत निम्मी उरली होती.

“सांगितलं तिला,” तो म्हणाला. “सगळं. चौकशीत जे खोटं सांगितलं तेसुद्धा. लिहून दिलं.”

मास्तर ऐकत होते.

“ती उद्या कागद घेऊन पोलीस ठाण्यात जाईल. मीच म्हटलं, जा. नोकरी जाणार. पुढे काय होईल माहीत नाही. पण मास्तर… दोन वर्षं छातीवर दगड होता. आज हलकं वाटलं.”

“कोणाला?”

“मला.”

“तिच्या घरी गेलास, आणि हलका होऊन आलास तू.”

विश्वजितने मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, मास्तर पाठीवर हात ठेवतील.

“कशाबरोबर प्यायची, ते सांग.”

“कशाबरोबरच नाही, मास्तर. ती वाइन कोणी पिऊ नये.”

“हे तू रस्त्यात ठरवलंस. चव विचारली मी. काय होतं ताटात?”

“नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी.”

“मग?”

“भाकरीबरोबर घशाखाली उतरेना. दोन्ही तुरट.”

“उतरणार नाही. चटणीबरोबर?”

विश्वजितने बाटली दूर सरकवली.

“चटणीबरोबर, विश्वजित?”

“मास्तर, ते नका विचारू.”

“विचारतोय.”

“उमलली,” तो म्हणाला. “खुरासणीचं तेल तिला लागलं आणि तुरटपणा कुठे गेला कळलं नाही. जांभूळ वर आलं. मिरी मागून आली. शेवटाला ती भाजल्या तिळासारखी… इटलीत नाही, इथे नाही, कुठेच मी असलं चाखलेलं नाही. ती समोर बसली होती. मी तिच्या नवऱ्याबद्दल नुकतंच सांगितलं होतं. आणि माझी जीभ… माझ्या जिभेला आवडलं, मास्तर.”

त्याने तोंड ओंजळीत लपवलं. मास्तरांनी त्याला रडू दिलं.

रस्त्याने एक बैलगाडी गेली. तिचा आवाज वळणापलीकडे संपला.

“निघताना ती एक म्हणाली,” विश्वजितने डोळे पुसले. “मास्तर दोन वर्षं येतात, दाराशी बसतात, पण घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आम्ही आदिवासी म्हणून का, विचारत होती. मी म्हटलं, नाही, मास्तर तसले नाहीत.”

मास्तरांनी हात मांडीखाली दाबला.

“कागदावर काय लिहिलंस?”

“मी पाठवलं, असं.”

“आणखी कोणाचं नाव?”

“आणखी कोण होतं?”

“तू मला फोन केला होतास त्या दुपारी.”

विश्वजितने वर पाहिलं.

“दवाखान्यात. दोन वाजता. आठवतं?”

“तुमच्या डोळ्याला पट्टी होती, मास्तर. तुम्ही गुंगीत होतात.”

“तू काय विचारलंस?”

“तीन ट्रक उभे आहेत. माल तापतोय. सात नंबर उद्या सकाळपर्यंत ठेवू, का आजच मोकळी करू?”

“मी काय म्हणालो?”

विश्वजितने नजर रस्त्याकडे वळवली.

“बोल. तुला शब्द न् शब्द आठवतो.”

“तुम्ही म्हणालात, एवढा चांगला माल उन्हात घालवू नको. कर मोकळी.”

“पंखा म्हणालो?”

“नाही.”

“मेणबत्ती?”

“नाही.”

“डोळे बांधले होते. जीभ मोकळी होती.” मास्तर थांबले. “चौकशीवाल्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही कल्पना होती? मी म्हणालो, मी दवाखान्यात होतो. खोटं नव्हतं ते. तसंच लिहून घेतलं त्यांनी.”

सहा वर्षं विश्वजितने या माणसाच्या शब्दाबाहेर घोट घेतला नव्हता. फोनचं त्याने चौकशीत सांगितलं नाही, ते मास्तरांना वाचवायचं म्हणून. गुंगीतल्या मास्तरांना तो फोन आठवत नसेल, असं तो आजवर धरून चालला होता.

“तुम्ही काम सोडलंत ते यामुळे?”

मास्तरांनी सकाळचा पेला जवळ ओढला. बोटभर वाइन तशीच होती. दिवसभर उघडी राहून कडेला तांबूस झाली होती, एक चिलट पडलं होतं. ते त्यांनी नखाने काढलं.

मग त्यांनी ती प्यायली. दोन वर्षांनी पहिल्यांदा. तोंडात फिरवली नाही, नाकाशी नेली नाही. पाणी पितात तशी प्यायली.

“कशी आहे?” विश्वजितने हळूच विचारलं.

मास्तर उठले. खुंटीवरचा सदरा घातला. चपला पायांत सरकवताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. विश्वजित घाईने उभा राहिला.

“कुठे निघालात? अंधार पडेल आता. उद्या मी घेऊन जाईन तुम्हाला.”

मास्तर पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले होते. दार उघडायचं त्यांना जमेना. विश्वजितने ते उघडलं. ते आत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

पाड्याच्या दिशेला पाहत त्यांनी विचारलं, “तिच्याकडे भाकरी उरली असेल का रे?”